फुल टाकीचा वास

शिरूरला एसटी स्टँड ओलांडून नगरच्या बाजूला निघालं की उजव्या हाताला माझं पत्र्याचं दुकान होतं. पाटीवर 'रेडिएटर व टाकी' एवढंच लिहिलेलं. माझं नाव लिहायची कधी गरज पडली नाही. तळेगाव ढमढेऱ्यापासून न्हावऱ्यापर्यंत कुणाच्या ट्रॅक्टरची, ट्रकची, दुधाच्या टेम्पोची टाकी गळायला लागली की लोक म्हणायचे, "यासीनकडं जा."

टाकीचं काम बाहेरून बघणाऱ्याला आगीचं काम वाटतं. गॅसची नळी, निळी ज्योत, काळा चष्मा. खरं काम ज्योत पेटवायच्या आधी असतं. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी वाईट, कारण तिच्यात वाफ कोंडलेली असते आणि एक ठिणगी मिळाली की ती पत्रा फाडून बाहेर येते. म्हणून टाकी उतरवायची, ओतून काढायची, सोड्याच्या गरम पाण्यानं खळखळून धुवायची, उन्हात तोंड खाली करून ठेवायची, पुन्हा धुवायची. मग भोकाच्या जरा खालपर्यंत पाणी भरायचं आणि वर डाख लावून, म्हणजे धातू वितळवून, भोक बुजवायचं. वडिलांनी मला हे शिकवलं तेव्हा त्यांच्या भुवया अर्ध्या जळालेल्या होत्या, त्या पुन्हा नीट उगवल्याच नाहीत. ते म्हणायचे, "टाकीच्या तोंडाला नाक लाव. नुसत्या लोखंडाचा वास आला तरच काडी ओढ."

त्यामुळे माझं नाक तयार झालं होतं. पेट्रोल ताजं की शिळं, डिझेलमध्ये रॉकेल मिसळलंय का, हे मी झाकण उघडून सांगायचो. निमोण्याच्या एका बागायतदाराला वाटत होतं की त्याचा ड्रायव्हर ट्रॅक्टरमधलं डिझेल विकतो. त्यानं ड्रायव्हरला कामावरून काढायचं ठरवलं होतं. मी टाकीच्या शिवणीवर बोट फिरवून वास घेतला. केसाएवढी चीर होती, आणि तिच्यावर त्याच ड्रायव्हरनं कपड्याच्या साबणाची वडी घासून दोन महिने गाडी चालवली होती. मालकाला न सांगता, मालक ओरडेल म्हणून. ड्रायव्हरची नोकरी वाचली. असे प्रसंग घडले की माणूस फुगतो. मीही फुगलो होतो.

मग प्लास्टिकच्या टाक्या आल्या. नवीन मोटारींना पत्र्याची टाकी बसवणं बंद झालं. प्लास्टिकला डाख लागत नाही, गॅस लावला तर ते वितळतं. माझ्या हातातली सगळी विद्या त्या गाड्यांसमोर काही कामाची नव्हती. पण हे मी कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचो, "टाकी ती टाकी. आणा तर खरी."

खुटबावचे बाळासाहेब तसली टाकी असलेली गाडी घेऊन उभे राहिले ते याच काळात, दोन हजारनंतरच्या पहिल्या काही वर्षांत.

बाळासाहेब फुलांची शेती करायचे. निशिगंध, गुलाब, झेंडू. आधी त्यांची फुलं दुसऱ्याच्या पिकअपमधून पुण्याच्या फूलबाजारात जायची आणि पोचेपर्यंत माना टाकायची. मग पुण्याचा एक इंजिनिअर परदेशात निघाला होता, त्याची गाडी यांना स्वस्तात मिळाली. गाडीचं नाव लिहीत नाही, कारण पुढं जे झालं त्यात दोष गाडीचा नव्हता. निळ्या रंगाची, जमिनीला टेकलेली, लांब पाठीची पेट्रोल गाडी. रुंद टायर, टर्बोचं इंजिन. पाय दाबला की पाठ सीटला चिकटायची. गावात लोक तिला शववाहिका म्हणायचे. बाळासाहेबांना त्याचं काही वाटत नव्हतं.

"हसू द्या," ते म्हणाले. "पाठ लांब हाय, एसी हाय, आन् पहाटं रोड मोकळा असतो. फुलांना कळायच्या आत मार्केटला जातो मी. पण यासीनभाई, आत पेट्रोलचा वास येतोय. परवा एका व्यापाऱ्यानं निशिगंधाची जुडी नाकाला लावली आन् माल परत केला."

त्यांच्याबरोबर त्यांच्या पत्नी होत्या, मंगलवहिनी. त्या गाडीतून उतरल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भाऊ, वास रोज न्हाई येत. टाकी गच्च भरली की येतो. निम्मी झाली की जातो."

हे वाक्य मला आज शब्दाशब्दानं आठवतं. तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. मी बाळासाहेबांना म्हणालो, "खालून कुठंतरी गळती असणार. बघतो."

माझ्या डोक्यात गळती म्हणजे खाली. आयुष्यभर पाहिलेल्या टाक्या खालूनच गंजलेल्या, खालीच फुटलेल्या. गाडी खड्ड्यावर घेतली, खाली उतरलो. टाकीच्या एका कोपऱ्याला घासल्याची खूण दिसली. एवढी बसकी गाडी आपल्याकडच्या स्पीडब्रेकरवर घासणारच. टाकी कोरडी होती, थेंब कुठंच नव्हता, पण खूण दिसली आणि मी ठरवून टाकलं.

खरं म्हणजे टाकी उतरवायला पाहिजे होती. उतरवली असती तर वरची बाजू दिसली असती आणि ही गोष्ट तिथंच संपली असती. पण त्या गाडीची टाकी उतरवायची तर सायलेन्सर आणि मागचं बरंच काही खोलावं लागत होतं. ते कसं खोलायचं मला माहीत नव्हतं. समोर चहावाला, दोन ट्रकवाले आणि बाळासाहेब उभे. माहीत नाही असं म्हणायची मला लाज वाटली. मी नळी घालून पेट्रोल ओढून काढलं, घासलेली जागा पॉलिशपेपरनं खरवडली आणि दोन डब्यांतला लेप कालवून त्यावर थापला. वाळल्यावर त्यावर हात आपटून मोठ्यानं म्हणालो, "गाडी भंगारात जाईल बाळासाहेब, ही टाकी जाणार नाही."

वास गेला. जाणारच होता. मी टाकी रिकामी केली होती आणि नंतर त्यांनी थोडं थोडंच पेट्रोल भरलं होतं.

काही आठवड्यांनी ते परत आले. वास पुन्हा सुरू झाला होता. मंगलवहिनींनी पुन्हा तेच सांगितलं, या वेळी जरा जवळ येऊन. "फुल केली की येतो, भाऊ. मागच्या शीटाच्या बाजूनं येतो."

मी खाली जाऊन माझा लेप पाहिला. तो जसाच्या तसा होता, आणि मला त्याचाच अभिमान वाटला. वर येऊन म्हणालो, "वहिनी, गालिच्यात वास मुरलेला असतो. चार दिवस काचा उघड्या ठेवून उन्हात लावा गाडी. बायकांना वासाचं जरा जास्तच असतं."

ट्रकवाले हसले. बाळासाहेबही हसले. वहिनी हसल्या नाहीत. त्या जाऊन गाडीत बसल्या आणि दार लावून घेतलं.

त्याच हंगामात दौंडला माझ्या भाचीचं लग्न ठरलं. भाचीचं नाव नसीम. तिचे वडील, म्हणजे माझे मेहुणे हमीदभाई, दौंडला राहायचे. मुलगा दौंडमधलाच, मुश्ताक. शाळेच्या मुलांची जीप चालवायचा. सकाळी घराघरांतून लहान पोरं गोळा करायची, शाळेत सोडायची, दुपारी परत आणायची. पोरं त्याला मुश्ताककाका म्हणायची. त्याचे वडील रज्जाकभाई मला पहिल्या भेटीतच म्हणाले होते, "आमच्याकडे पैसा नाही, पण लोक त्याच्या हातात आपली लेकरं देतात. यापेक्षा जास्त मी काय सांगू?"

लग्नाला फुलं हवी होती. मी पुढं होऊन हमीदभाईंना म्हणालो, "फुलांचं माझ्यावर सोडा. माझं गिऱ्हाईक आहे खुटबावला, असा निशिगंध दौंडमध्ये मिळायचा नाही." आणि बाळासाहेबांना सांगितलं की सेहरासुद्धा तुम्हीच करून आणा. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे निकाहाच्या वेळी नवरदेवाच्या कपाळावर सेहरा बांधतात. फुलांच्या सरी कपाळापासून छातीपर्यंत सोडलेल्या असतात, चेहरा त्यांच्यामागं झाकलेला असतो. मंगलवहिनींनी सेहरा कधी केला नव्हता. त्यांनी दौंडच्या एका बाईंना भेटून माप विचारून घेतलं आणि स्वतः बसून गुंफला. निशिगंधाच्या सरी, मध्ये गुलाब, खाली अबोलीचे गोंडे. ओल्या सुती फडक्यात गुंडाळून तो करंडीत ठेवला. फुलांचे बाकीचे ढीग मावावेत म्हणून गाडीचं मागचं सीट काढून ठेवलं होतं. करंडी सगळ्यात जपायची म्हणून त्या जागी गालिच्यावर मधोमध ठेवली. वाटेत कुठं अडायला नको म्हणून बाळासाहेबांनी निघतानाच टाकी फुल केली.

मांडव रेल्वे लाइनीपलीकडच्या मैदानात होता. एका बाजूला जनरेटर धडधडत होता, मागं बिर्याणीच्या डेगांखाली लाकडं धुमसत होती. माझ्या बहिणीनं सेहऱ्यावर अत्तर शिंपडलं. एवढ्या सगळ्यात कुणाला वेगळा वास कळणार? सेहरा बांधला, मुश्ताकला स्टेजवर बसवलं. काझीसाहेब यायला उशीर झाला, तो तसाच बसून राहिला. नवरदेवानं उगाच हलायचं, बोलायचं नसतं, आणि हा मुलगा तर मुळातच लाजाळू.

मी जेवणाच्या बाजूला होतो. हमीदभाई मला शोधत आले. चेहरा उतरलेला.

"यासीन, नवरा प्यायलाय असं लोक म्हणतायत."

"कोण म्हणतं?"

"सगळीकडं चाललंय. पाणी प्यायला उठला तर झोक गेला. सेहरा बाजूला केला तेव्हा डोळे लाल होते. शाळेत मुलं पाठवणारी माणसं बसलीयत समोर, तीसुद्धा बघत होती. तू जा, त्याचा वास घे. तू मामा आहेस, आणि तुझ्या नाकाला कळेल. प्यायला असेल तर निकाह होणार नाही. मी माझी पोरगी अशी देणार नाही."

भरल्या मांडवात नवरदेवाचं तोंड हुंगायला मी स्टेजवर चढलो. लोक बघत होते. बाजूला रज्जाकभाई उभे होते. मी कशाला आलोय हे त्यांना कळलं, त्यांनी मान फिरवली. मी मुश्ताकच्या समोर वाकलो आणि सेहऱ्याच्या सरी हातानं बाजूला केल्या.

त्याच्या तोंडापर्यंत जायची गरजच पडली नाही. निशिगंध आणि अत्तराच्या खालून पेट्रोल आलं. ताजं, त्याच दिवशी भरलेलं. सरींच्या मागच्या बाजूची फुलं ओलसर होती, ती पाण्यानं ओली नव्हती. तो मुलगा एवढा वेळ ते नाकासमोर घेऊन बसला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मामा," तो हळूच म्हणाला, "मी काही घेतलेलं नाही. डोकं लई दुखतंय. उलटी होईल असं वाटतंय. सेहरा काढला तर चालंल का?"

मी म्हणालो, "थांब जरा."

खाली उतरलो. हमीदभाई, रज्जाकभाई आणि पाच-सहा जण माझ्याभोवती जमले. हमीदभाईंनी विचारलं, "काय?"

"दारू नाही," मी म्हणालो.

"मग वास कशाचा?"

मला माहीत होतं कशाचा. फडकं, करंडी, मागचं सीट, फुल टाकी, सगळं माझ्या डोळ्यांसमोर एका क्षणात जुळलं होतं. मंगलवहिनींनी दोनदा सांगितलेलंही आठवलं. आणि मी म्हणालो, "जनरेटरचा धूर असेल."

कुणालाच ते पटलं नाही. जनरेटर स्टेजपासून लांब होता आणि बाकी कुणाला चक्कर येत नव्हती. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मामा नवऱ्याला झाकतोय, असा त्याचा सरळ अर्थ निघाला. मागच्या रांगेतले काही जण त्याच वेळी उठून निघून गेले. त्यांनी पाहिलं ते एवढंच की मुलीच्या मामानं जाऊन हुंगलं आणि खोटं कारण सांगितलं.

तेवढ्यात कुणीतरी म्हणालं की फुलांवर औषध मारलेलं असेल, फूलवाल्याला बोलवा. बाळासाहेब मांडवाच्या तोंडाशीच होते. त्यांना जवळजवळ ओढतच आणलं. ते हात जोडून म्हणत होते, "तोडणीच्या आधी आठ दिस फवारणी बंद असती आमची. आईच्यान सांगतो. मी कशाला असं करीन?" कुणी ऐकत नव्हतं. एकानं त्यांच्या खांद्याला धक्का दिला.

मंगलवहिनी मागून आल्या.  स्टेजजवळ गेल्या आणि मुश्ताकच्या आईला म्हणाल्या, "ताई, ते काढा पोराच्या तोंडावरनं." सेहरा हातात घेऊन त्यांनी नाकाशी नेला. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. 

तेव्हा मी सांगितलं. सगळ्यांसमोर, जेवढ्या मोठ्यानं सांगता आलं तेवढ्यानं. "पेट्रोल आहे. यांच्या गाडीची टाकी गळते. मी दोनदा दुरुस्त केली म्हणून सांगितलं, ती झालेली नव्हती. यांचा काही दोष नाही, पोराचाही नाही."

 रज्जाकभाई माझ्याजवळ आले. वयानं माझ्यापेक्षा मोठा माणूस. ते म्हणाले, "मघाशी का नाही सांगितलं?"



मुश्ताकला वाऱ्यावर बसवलं, लिंबू-पाणी दिलं. थोड्या वेळानं काझीसाहेब आले आणि सेहऱ्याशिवाय निकाह झाला. उघड्या चेहऱ्यानं तो बसला होता, डोळे अजून लालच. मंगलवहिनींनी हौसेनं गुंफलेला सेहरा मैदानाच्या कडेला टाकून दिला, कारण चुलीजवळ कुणी तो ठेवू देईना.

मी जेवलो नाही. बाळासाहेबांकडून किल्ली घेतली आणि एका लिंबाच्या सावलीत गाडी लावली. मागच्या सीटखालचा गालिचा उचलला. त्याखाली पत्र्याचं गोल झाकण होतं, चार स्क्रूंचं. ते उघडायला टाकी उतरवावी लागत नाही, खड्डा लागत नाही, काही लागत नाही. झाकणाखाली टाकीची वरची बाजू आणि तिच्यावर पेट्रोलच्या पंपाची जाड प्लास्टिकची चकती. चकतीभोवतीच्या खोलगट जागेत पेट्रोल साचलेलं होतं. चकतीखाली रबरी रिंग असते. आधी कधीतरी कुणीतरी पंप उघडला होता आणि परत बसवताना ती रिंग एका जागी मुडपली होती. टाकी निम्मी असली तर पेट्रोल तिथपर्यंत पोचतच नाही. गच्च भरली आणि गाडी आदळली, वळली की मुडपलेल्या जागेतून वर येतं, आणि वर येऊन सीटखाली बसतं. त्या दिवशी ते झाकणाच्या फटीतून गालिच्यात आणि गालिच्यातून करंडीतल्या फडक्यात मुरलं होतं.

मंगलवहिनी बाजूला उभ्या होत्या. मी त्यांना दाखवलं. त्यांनी वाकून नीट पाहिलं आणि विचारलं, "एवढंच व्हतं?"

"एवढंच."

"मग मी सांगितलं तवा का न्हाई बघितलं?"

त्या रागानं विचारत नव्हत्या. त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं. मी म्हणालो, "चुकलो वहिनी." त्यांचा प्रश्न वेगळा होता हे मला कळत होतं.

रिंग दौंडला मिळाली नाही, पुण्याहून मागवली. ती आल्यावर खुटबावला जाऊन मी बसवली. टाकीला खालून लावलेला माझा लेप तसाच होता. तो काढून टाकावासा वाटला, पण काढताना टाकीला खरंच चीर पडली असती. तो तिथंच राहिला. बाळासाहेब माझ्याशी पूर्वीसारखंच बोलले, चहा दिला. जाताना फक्त एवढं म्हणाले, "भाई, त्या दिवशी मला धक्का दिला त्याचं काय न्हाई. मंगल रातभर बसून सेहरा करत व्हती, तेवढं वाईट वाटलं."

इथं मला वाटलं होतं की प्रकरण संपलं.

महिना-दीड महिन्यानं रज्जाकभाई एसटीनं शिरूरला आले. दुकानात बाकड्यावर बसले. पाणी घेतलं, चहा नको म्हणाले. मग सांगितलं की मुश्ताकच्या जीपमधली मुलं कमी होत चाललीयत. आई-वडील तोंडावर काही बोलत नाहीत. कुणी म्हणतं घर बदलतोय, कुणी म्हणतं मुलाला सायकल घेतली. पण पोरं दुसऱ्या जीपमधून जाताना दिसतात. मांडवातून जे आधी उठून गेले त्यांनी पुढचं ऐकलंच नव्हतं. शाळेची गाडी चालवणारा माणूस स्वतःच्या लग्नात पिऊन बसला, एवढंच त्यांनी घरी नेलं होतं.

"तुम्ही चला," रज्जाकभाई म्हणाले. "मी बाप आहे, माझं कोण ऐकेल? तुम्ही मुलीकडचे. तुम्ही वास घेतला होता. तुम्ही घरोघर जाऊन सांगा."

मी दुकान बंद करून गेलो. एकदा नाही, बऱ्याचदा गेलो. मुश्ताकनं मुलांच्या घरांचे पत्ते सांगितले, मी एकटा जायचो. दार वाजवायचं, ओळख सांगायची, आणि तीच गोष्ट पहिल्यापासून. मी टाकीवाला, शिरूरचा, गाडी अशी होती, माझ्याकडून चूक झाली, मुलानं दारूला कधी हात लावलेला नाही. लोक वाईट वागले असते तर सोपं गेलं असतं. ते बसायला द्यायचे, ऐकून घ्यायचे. रेल्वेत गार्ड असलेले एक गृहस्थ म्हणाले, "चाचा, तुम्ही सांगताय ते खरंच असणार. पण माझी मुलगी आता दुसऱ्या जीपमधनं जाते. त्या माणसाला मी आता काय कारण सांगू?" त्यांचं काही चुकीचं नव्हतं. एका घरी मी बोलत असताना आतून दोन मुलं ऐकत होती. मी उठलो तेव्हा त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, "म्हंजी मुश्ताककाका पेट्रोल पितो?" आई त्याच्यावर ओरडली, पण तीही हसू दाबत होती.

पुढं तेच झालं. ज्या घरांत काही माहीतच नव्हतं तिथंही माझ्यामुळे कळलं. काही दिवसांत मुश्ताकला दौंडच्या स्टँडवर जीपवाले 'पेट्रोल' म्हणून हाक मारायला लागले.

एकदा मी असाच एका घरातून बाहेर पडलो तर मुश्ताक गल्लीच्या तोंडाशी जीप लावून उभा होता. जीप रिकामी होती. मला म्हणाला, "बसा मामा, स्टँडवर सोडतो." गाडी चालू केली नाही. 

"मामा, आता बास करा."

"अजून चार घरं राहिलीत."

"तुम्ही जितकं सांगाल तितकं लोकांना आठवंल. आता कुणाला काही आठवायला नको."

राहिलेली चार घरं मी सोडून दिली. मला स्टँडवर सोडताना तो खाली उतरला, माझी पिशवी हातात दिली आणि सलाम केला. लग्नानंतर त्यानं मला एकदाही वाकडा शब्द ऐकवला नाही. माझ्या बहिणीनं ऐकवला, हमीदभाई वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत, ते मला झेपलं. याचं मला झेपत नव्हतं.

बाळासाहेबांना हे कळलं तेव्हा ते स्वतः दौंडला जाऊन आले. पहाटे फुलं पुण्याला न्यायला ड्रायव्हर हवा होता, त्यांनी मुश्ताकला विचारलं. तो म्हणाला, "तुमचे उपकार आहेत, पण त्या गाडीत मी बसणार नाही." त्यानं ते वर्ष कसंबसं काढलं, जीप विकली आणि रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीची बस चालवायला लागला. नसीमला घेऊन शिरूरला राहायला आला. माझ्या घरापासून जवळच त्यांनी खोली घेतली. माझ्या बायकोचा नसीमवर जीव, त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी दोघं जेवायला यायची. मी हळूहळू त्याच्याशी नीट बोलायला लागलो. वाटायला लागलं की मुलगा सावरला, चांगलं झालं, कदाचित जीपपेक्षा हेच बरं. माणूस स्वतःला असं समजावतो.

दुकानात मी नंतर प्लास्टिकच्या टाकीचं काम घेतलं नाही. माहीत नाही असं सांगायला शिकलो. उशिरा शिकलो. मागच्या काही वर्षांत दुकानही बंद केलं.

हे लिहायचं ठरवलं तेव्हा मी मुश्ताकला विचारलं. तो म्हणाला, नाव बदला आणि लिहा. नावं बदलली आहेत.

एका संध्याकाळी तो आणि नसीम जेवायला आले होते. कंपनीत नवीन नियम आला होता. शिफ्टच्या आधी गेटवर प्रत्येक ड्रायव्हरला एका यंत्रात फुंकायला लावायचे. प्यायला असेल तर यंत्र ओरडतं. मी म्हणालो, "रोज? हे म्हणजे सगळ्यांना चोर समजण्यासारखंच झालं. तुम्ही युनियनला सांगायला पाहिजे."

"बाकीचे कुरकुर करतात," मुश्ताक म्हणाला. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. "मला बरं वाटतं, मामा. रोज सकाळी कुणीतरी सगळ्यांसमोर बघून सांगतं, हा प्यायलेला नाही."

त्यानं हे अगदी सहज सांगितलं आणि वाटी पुढं करून आमटी मागितली. नसीम उठून आत गेली. वाटी माझ्याच बाजूला होती. मी ती भरून दिली, आणि तो जेवून होईपर्यंत माझ्या ताटाकडे बघत बसलो.